नथूजी अस्वल टोन तपासतो

एका जंगलात वीज होती.

ती कुठून आली, कोणी आणली, असलं विचारू नका. गोष्ट ऐकायला बसला आहात, चौकशी करायला नाही. रोज दुपारी ती जात असे. म्हणजे खरी होती.

त्या जंगलात नथूजी नावाचं एक अस्वल राहत होतं. वयाने मोठं, अंगाने मोठं आणि मतांनी सगळ्यांत मोठं. नथूजीला कीबोर्डचा नाद होता. तो पोटासाठी वाजवत नसे. पोटासाठी मध होता, वारुळं होती. हा नाद नुसता नाद होता. लहानपणी लागला आणि केस पांढरे झाले तरी सुटला नाही.

सगळं जंगल त्याला आबा म्हणे.

नथूजीची गुहा मोठी होती. तिच्यात कीबोर्ड ठेवलेले असत. नथूजी स्वतः बाहेर झोपे. कीबोर्डला दमट हवा सोसत नाही. अस्वलाला सोसते.

संध्याकाळी ससे, भेकरं, सांबरं गुहेपुढे जमत. नथूजी एका कीबोर्डवरचं फडकं काढी. घडी घाली. घडी परत उलगडून नीट घाली. मग बोलायला लागे.

"कीबोर्ड जड पाहिजे," तो म्हणे. "उचलताना कंबर धरली नाही तर तो कीबोर्ड नाही, पाट आहे. त्यावर जेवायला बसा."

ससे माना हलवत.

"अडॉप्टर ज्याचा त्याचा. दुसऱ्याचं दातवण आणि दुसऱ्याचा अडॉप्टर घेऊ नये."

भेकरं माना हलवत.

"रिदमचं बटण दाबून नुसता हात ठेवून उभा राहतो, तो वादक नाही. लिफ्टवाला आहे."

लिफ्ट काय असते ते सांबरांना माहीत नव्हतं. त्यांनीही माना हलवल्या. ऐकावं कसं, हे सांबरांकडून शिका.

हल्लीच्या गाण्यांचा विषय निघाला की नथूजीच्या अंगावरचे केस उभे राहत. तेव्हा जंगलात एक गाणं फार चाललं होतं. 'पोळं तुझं, माशी माझी, सांग आता चावू कुणाला'. नदीवर तेच, डोंगरावर तेच. घुबडंसुद्धा दिवसा उठून ते गुणगुणत.

"त्या गाण्यात कोकिळा गायलीय," नथूजी म्हणे. "आणि तिचा आवाज यंत्रात घालून सरळ केलाय. कोकिळेचा. आता बोला."

सांबरं परत माना हलवत.

"आमच्या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधी नुसतं वाजवणंच एवढं असायचं की गाणारा घरी जाऊन जेवून यायचा. याला गाणं म्हणतात."

मला हे पटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. गप्प बसलात तरी चालेल.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल की नथूजी वाजवायचा कसा. ते कोणालाच माहीत नव्हतं. तो वाजवणारच असे, तेवढ्यात काहीतरी होई. हवा दमट निघे. स्टँड डुगडुगे. वीज जाई. वीज आली तर म्हणे, "आत्ताच आलीय, जरा तापू दे." ती तापेपर्यंत ससे घरी जात.

खरी अडचण पंज्याची होती. अस्वलाचा पंजा एका पट्टीवर पडत नाही. एक नख एका पट्टीवर, दुसरं एक सोडून पुढच्या पट्टीवर, तिसरं आणखी एक सोडून. नुसता सा हवा असला तर ग आणि प न बोलावता येत. एका सुराचं काम तीन जण करत आणि चाल कुठे हरवली ते कळत नसे. दोन नखं वर धरून तिसऱ्याने वाजवायला जावं तर पेटके येत.

नथूजीच्या मते हा कीबोर्डचा दोष होता. म्हणून तो कीबोर्ड बदलत असे.

पिंपळाखाली मुंगसाचं दुकान होतं. नथूजी तिथे जाई, उभ्याउभ्या पंजा टेकवी आणि तोंड वाकडं करी.

"पट्ट्या अरुंद आहेत."

"आबा, पट्टी सगळीकडे एवढीच येते," मुंगूस म्हणे.

"तुझ्या बापाच्या वेळी रुंद होती."

"माझ्या बापाच्या वेळी तुमचा पंजा लहान होता."

"उद्धट आहेस. हा कुठला नवीन आलाय?"

"हा जड आहे."

"मग आधी का नाही दाखवलास?"

असं चाललं होतं. चालूच राहिलं असतं. पण नथूजीच्या नातीचं लग्न ठरलं.

नातीचं नाव रुंजी. तिला आईबाप नव्हते. नथूजीनेच वाढवलं होतं. वारूळ कुठून फोडायचं आणि मधाला हात कधी घालायचा, हे त्यानेच शिकवलं. फक्त कीबोर्डला हात लावू दिला नाही. ती नदीपलीकडच्या जालंदर नावाच्या अस्वलाला दिली होती. मुलगा चांगला होता. कमी बोलायचा. त्याच्या आईपुढे कोणीही कमीच बोललं असतं.

विहीणबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "आमच्याकडे डीजे लागतो. सुळ्याला सांगून ठेवलंय."

सुळ्या हे रानडुक्कर होतं. त्याच्याकडे मोठे डबे होते. ते वाजले की मुंग्या वारूळ सोडून माहेरी जात.

नथूजी उठून उभा राहिला.

"जिथे सुळ्या, तिथे मी नाही," तो म्हणाला आणि बैठकीतून निघून गेला.

नथूजी एकदा बोलला की बोलला. सबंध जंगलाला हे माहीत होतं. एकदा तो म्हणाला होता की या डबक्याचं पाणी मी पिणार नाही. डबकं आटलं, बुजलं, त्यावर झाड आलं. नथूजी त्या झाडाच्या सावलीतही बसत नसे.

रुंजी त्याच्या मागोमाग गुहेपाशी आली.

"आबा, अक्षता पडताना तुम्ही माझ्या मागे नसणार?"

"सुळ्या नसेल तर असेन."

"माझ्या मागे दुसरं कोण आहे?"

नथूजीने फडक्याची घडी घातली.

"मग तुम्ही वाजवा," रुंजी म्हणाली. "तुम्ही वाजवलंत तर डीजे कशाला लागतो?"

नथूजीने घडी उलगडली.

"वाजवतो," तो म्हणाला. "पण ते तुमचं पोळ्याचं गाणं नाही."

"तेच. मला तेच आवडतं."

"त्यात काही नाही गं. तीन जागा आहेत. इथे, तिथे, परत इथे."

"या दोनच झाल्या."

"बघ. तीनसुद्धा नाहीत."

"आबा, तुम्ही आजवर एक तरी गाणं पुरतं वाजवलंय का?"

"वाजवलं असतं. अडॉप्टर गरम होतो."

"माझ्या लग्नात एकदा वाजवा. एवढंच मागते."

नथूजीने परत घडी घातली. पण दुसऱ्या दिवशी तो मुंगसाच्या दुकानातून नवा कीबोर्ड पाठीवर घेऊन येताना दिसला. कंबर धरून चालत होता. म्हणजे चांगला असणार.

विहीणबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. सुळ्या डबे घेऊन येईल आणि चिंचेखाली बसेल. गुरुजी अक्षता वाटेपर्यंत आबांचं गाणं सुरू झालं तर ठीक. नाही झालं तर डबे सुरू.

"आणि डबे सुरू झाले तर आबा जाणार," रुंजी म्हणाली.

"त्यांची मर्जी," विहीणबाई म्हणाल्या. "आम्हाला नाचायचंय."

लग्नाचा दिवस आला. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. दोन्हीकडची अस्वलं आली. ससे, भेकरं, सांबरं आली. माकडं आमंत्रण नसताना आली, ती नेहमीच येतात. लग्न लावायला बगळे गुरुजी होते. ते एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. चिंचेखाली सुळ्या डब्यांच्या वायरी जोडत बसला.

नथूजी सगळ्यांच्या आधी आला होता. त्याने स्टँड लावला. डुगडुगला. पायाखाली दगड ठेवला. दगड बदलला. पहिला दगड परत ठेवला. कीबोर्ड चढवला. फडकं काढलं, घडी घातली. अडॉप्टर लावला आणि त्याच्यावर कान ठेवून ऐकलं. मग टोन तपासायला घेतले.

टोन म्हणजे आवाज. एकाच कीबोर्डमध्ये पेटी, बासरी, सनई सगळं असतं. बटण दाबत जायचं आणि हवा तो आवाज निवडायचा. कोणी मनाला येईल तो निवडतो. नथूजी तसला नव्हता. टोन पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचे, आणि बरोबर टोन सापडल्यावरच गाणं सुरू करायचं, अशी त्याची पद्धत होती. आजवर टोन सापडला नव्हता.

पहिला टोन पियानोचा होता. नथूजीने पंजा टेकवला. पंजा तीन पट्ट्यांवर पडला. मांडवभर गोड आवाज घुमला.

"वा," जालंदर म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला.

"बुळबुळीत आहे," नथूजी म्हणाला आणि पुढचं बटण दाबलं.

पुढचा टोन पत्र्यासारखा निघाला. त्याच्या पुढचा सर्दी झाल्यासारखा. बासरीत हवा जास्त होती. सनईत हवा कमी होती. व्हायोलिन ऐकून एक म्हातारं सांबर रडलं, पण ते कशानेही रडे.

"हे गाणं चाललंय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"टोन तपासतोय," नथूजी म्हणाला.

"मग गाणं कधी?"

"ते टोनवर आहे."

"मला आवडतंय," एक ससा मागून म्हणाला. "जरा तुटक आहे."

बगळे गुरुजींनी एक डोळा उघडला. "वधूपक्ष, वेळ होत आली. ही वेळ गेली तर पुढचा मुहूर्त थंडीत आहे."

"थंडीत अडॉप्टर चांगला चालतो," नथूजी म्हणाला.

रुंजी आणि जालंदर समोरासमोर उभे होते. मध्ये अंतरपाट होता. दोन माकडांनी तो दोन्हीकडून धरला होता. रुंजीने अंतरपाटाच्या कडेने मान बाहेर काढली.

"आबा, कुठलाही घ्या. पहिला चांगला होता."

"कुठलाही घेणाऱ्यांनीच गाण्याचं वाटोळं केलंय."

"आबा, सुळ्या उठला."

सुळ्या खरंच उठला होता. त्याच्या एका हातात वायर होती आणि तो विहीणबाईंच्या मानेकडे बघत होता. ती हलली की वायर आत. गुरुजींनी अक्षता वाटायला घेतल्या.

नथूजीने ते पाहिलं. त्याचं बोट बटणावर भरभर चालायला लागलं. पण मधले टोन त्याने गाळले नाहीत. पद्धत म्हणजे पद्धत. घाईत मोडते ती पद्धत नसते.

आता मुलांनो, नीट ऐका. कीबोर्ड जंगलात बनत नाही. माणसं बनवतात. वाद्यांचे आवाज संपले तरी माणसांचं समाधान होत नाही. मग शेवटी मनाला येईल ते भरतात. नथूजी एवढ्या पुढे कधी गेला नव्हता. त्याआधीच वीज जायची.

पंजा पडला आणि पाखरांची किलबिल ऐकू आली.

झाडावरच्या पाखरांनी खाली पाहिलं. "हे कोण बोललं?" एक बुलबुल म्हणाला. "आमच्यात असं बोलत नाहीत."

पुढचा टोन टेलिफोनचा होता. अंतरपाट धरलेलं एक माकड "हॅलो" म्हणालं.

पुढचा हेलिकॉप्टरचा होता. सगळ्यांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं.

विहीणबाईंनी मान हलवायला घेतली. त्याच वेळी नथूजीने पुढचा टोन लावला आणि पंजा टेकवला.

टाळ्या.

कीबोर्डमधूनच आल्या. खूप माणसं एकदम वाजवतात तशा. पण नथूजीला ते कसं कळावं? त्याने आयुष्यात टाळ्या ऐकल्या नव्हत्या. त्याने मान वर केली. समोर सगळं जंगल बसलेलं होतं.

पाहुण्यांना वाटलं, गाणं संपलं. कोणीतरी टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर तेही वाजवायला लागले. ससे, भेकरं, सांबरं, दोन्हीकडची अस्वलं. विहीणबाईंनीही वाजवल्या.

"संपलं वाटतं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "ठीक होतं. आबांना मान दिला पाहिजे."

त्यांनी सुळ्याला बस म्हणून खूण केली. सुळ्या बसला. झालं होतं काम. नथूजी तिथेच थांबला असता तर लग्न लागलं असतं, डबे वाजले नसते आणि गाणं न वाजवताच तो वादक ठरला असता. मोठमोठे लोक असेच ठरतात.

पण नथूजीचे डोळे भरून आले होते. त्याने वाकून नमस्कार केला. वाकताना पोट बटणावर टेकलं आणि शेवटचा टोन लागला. उभं राहताना आधाराला पंजा पट्ट्यांवर पडला.

तो बंदुकीचा बार होता. पंजा तीन पट्ट्यांवर पडतो, त्यामुळे तीन बार एकदम झाले.

जंगलात बंदुकीचा बार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एक क्षण कोणी हललं नाही. मग मांडवात कोणी उरलं नाही.

सांबरं डोंगराकडे गेली. ससे बिळात गेले, कोणाच्या ते बघितलं नाही. विहीणबाईंनी नदीत उडी मारली आणि पलीकडे निघाल्या. सुळ्या डबे सोडून सगळ्यांच्या पुढे पळाला. आवाजाची सवय असलेले लोक आवाजाला फार भितात. माकडांनी अंतरपाट टाकून झाड गाठलं आणि मग दुसरं जंगल गाठलं. जालंदरही पळणार होता, पण पहिल्याच पावलाला अंतरपाटात गुंडाळला गेला आणि रुंजीच्या पायाशी पडला.

बगळे गुरुजी जागेवर होते. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

रुंजी हलली नव्हती. आबांच्या कीबोर्डमधून काहीही निघू शकतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

नथूजी रिकाम्या मांडवाकडे बघत राहिला.

"गेले," तो म्हणाला.

"गेले," रुंजी म्हणाली. "सुळ्यापण गेला."

"मी तुझं लग्न मोडलं."

"कुठे मोडलं? नवरा आहे. गुरुजी, वेळ आहे का?"

"थोडी आहे," गुरुजी म्हणाले.

"मग आबा, वाजवा आता. ऐकायला कोणी नाही."

नथूजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. स्टँड डुगडुगत होता. त्याने दगड बदलला नाही.

"टोन कुठला घेऊ?" त्याने विचारलं. असं त्याने कोणाला कधी विचारलं नव्हतं.

"पहिला."

"बुळबुळीत आहे तो."

"असू द्या."

नथूजीने पहिला टोन लावला. पंजा उचलला आणि रुंजीला हव्या त्या गाण्यासाठी खाली टेकवला. तो तीन पट्ट्यांवर पडला. गाण्याला त्याच तीन हव्या होत्या. पंजा सरकवला. तिथेही त्याच्या नखांखाली आल्या त्याच तीन हव्या होत्या. हल्लीचं गाणं असंच असतं. त्यात एकेकटा सूर शोधावा लागत नाही. पंजा ठेवायच्या जागा असतात. अस्वलासाठीच केल्यासारखं ते गाणं होतं.

चाल रुंजीने म्हटली. पोळं तुझं, माशी माझी. तिचा आवाज काही खास नव्हता. तो कोणी यंत्रात घालून सरळ केला नव्हता. गुरुजींनी मधल्या मध्ये मंगलाष्टकं उरकली. अक्षता टाकायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी दुसरा पाय खाली टेकला आणि पंखांनी भराभर टाकल्या. जालंदर अंतरपाटातून डोकं बाहेर काढून त्या झेलत होता.

लग्न लागलं. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं. वीज गेली नाही.

ऊन उतरल्यावर पाहुणे एकेक करून परत आले. विहीणबाई ओल्या होत्या.

"लागलं का लग्न?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"आणि ते गाणं?"

"आबांनी पुरतं वाजवलं," रुंजी म्हणाली.

कोणाला पटलं नाही. सशांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "माझे डोळे मिटलेले होते." जालंदरला विचारलं. त्याने आईकडे पाहिलं. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की आबांना गाणं येत नाही, पण बंदूक फार चांगली येते.

तेव्हापासून नथूजीला आमंत्रणं यायला लागली. ज्या घरी पाहुणे जास्त आणि जेवण कमी, ते घर पंगतीच्या आधी नथूजीला बोलावी. तो जाई. स्टँड लावी, टोन पहिल्यापासून तपासत शेवटपर्यंत जाई, आणि मांडव मोकळा झाला की राहिलेल्यांसाठी शांतपणे एक गाणं वाजवी. जंगलातला सगळ्यांत जास्त मागणी असलेला वादक तो झाला. त्याचं गाणं मात्र फार थोड्यांनी ऐकलं.

माहेरपणाला आलेल्या रुंजीने त्याला एकदा विचारलं, "आबा, खरं सांगा. ते गाणं कसं आहे?"

"हलकं आहे," नथूजी म्हणाला. "कीबोर्ड चांगला आहे म्हणून ऐकवतं."

मग त्याने फडकं काढलं.

"बस जरा. परत एकदा वाजवून खात्री करतो."

तात्पर्य: मुलांनो, सराव करा, असं मी सांगेन म्हणून तुम्ही वाट बघत असाल. सराव नथूजीनेही केला नव्हता. कलावंताला श्रोते बिघडवतात. म्हणून वाजवायला बसण्याआधी श्रोत्यांना पळवून लावावं. त्यातूनही जे उरतील ते घरचे असतात, त्यांना काहीही चालतं. शिवाय जेवण पुरतं.